पहाटे निघा, दिवेलागणीला परत या: शहरातून एका दिवसाची जंगल सफारी

जंगलात चार दिवस मुक्काम करणाऱ्याची एक चैन असते. पहिली फेरी रिकामी गेली तर दुसरी असते, दुसरी गेली तर तिसरी. शहरातून जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याला ती मिळत नाही. त्याच्या हातात उजाडल्यानंतरचे तीनेक तास असतात आणि जमलं तर उन्हं कलल्यावरचे दोन-तीन. बाकीचा दिवस रस्ता, गेट, नाश्ता आणि ऊन यांत जातो. म्हणून सगळं नियोजन एकाच प्रश्नापासून सुरू करा: पहिला उजेड पडेल तेव्हा आपण कुठे असू? गेटच्या आत असू, तर दिवस हाताशी लागला. त्या वेळी हायवेवर असू, तर दिवसातला सर्वांत मोलाचा तास आपण ट्रकांच्या मागे घालवला, असं समजा.

जंगल निवडताना

पहिली चाळणी अंतराची. एका बाजूचा प्रवास दोन, फार तर अडीच तासांचा असावा. तीन तास जाणं आणि तीन तास येणं म्हणजे सहा तास रस्त्यावर, आणि परतीला गाडी चालवणारा माणूस पहाटेपासून जागा असतो. ही बाब थट्टेवारी नेऊ नका.

जगात अशी शहरं आहेत जिथे हे सहज जमतं. नैरोबी राष्ट्रीय उद्यान शहराच्या मध्यापासून जेमतेम 7 किलोमीटरवर आहे. 1946 साली स्थापन झालेलं हे उद्यान सुमारे 117 चौरस किलोमीटरचं आहे. तीन बाजूंना कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मात्र प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून मोकळी आहे. जिराफाच्या मानेमागे उंच इमारती दिसतात, ते दृश्य इथलंच. जयपूरला शहराच्या कडेलाच झालानाचं बिबट्यांचं जंगल आहे. नागपूरहून उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा पेंचचं सिल्लारी गेट एका सकाळीत होतं. ताडोबाही होतं, पण पहाटेच्या फेरीसाठी रात्री अडीच-तीनलाच निघावं लागतं. जोहान्सबर्गहून दोन-अडीच तासांवर पिलानेसबर्ग आहे, एका प्राचीन विझलेल्या ज्वालामुखीच्या गोलाकार डोंगररांगांत वसलेलं. झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स गावाहून शेजारच्या बोत्सवानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानात जाऊन एका दिवसात परत येता येतं. तिथे सकाळी गाडीतून आणि दुपारी नदीत बोटीतून, अशी दोन्ही अंगांनी सफारी होते.

दुसरी चाळणी: जंगल मोकळं आहे की बंदिस्त? 'सफारी' हा शब्द फार सैल वापरला जातो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला बसमधून जे वाघ-सिंह दिसतात ते कुंपणाच्या आतले असतात. लहान मुलांसाठी ती फेरी छानच आहे, पण तिथे माग काढणं नसतं, वाट पाहणं नसतं, रिकाम्या हाताने परतण्याची शक्यताही नसते. आपण कशासाठी पैसे भरतोय, हे भरण्याआधी माहीत असावं. कुंपण असलं म्हणजे प्राणी पाळीव झाले, असंही नाही. पिलानेसबर्गलाही कुंपण आहे, पण साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपासच्या त्या परिसरात सिंह स्वतःची शिकार स्वतःच करतो.

तिसरी चाळणी बहुतेक जण विसरतात. तिथे काय राहतं? नैरोबी उद्यानात सिंह आहेत, काळे गेंडे आहेत, रानम्हशी आहेत, पण हत्ती नाहीत. हत्तींसाठी गेलेला माणूस तिथून हिरमुसून येतो, त्यात त्या जंगलाचा काय दोष? हत्तीच बघायचे असतील तर दक्षिण आफ्रिकेतल्या ग्केबेऱ्हा शहरातून तासाभरावर अड्डो आहे. 1931 साली ते उद्यान झालं तेव्हा तिथे फक्त 11 हत्ती उरले होते, आज सहाशेहून जास्त आहेत.

मग ऋतू. कोरडे महिने निवडा. गवत बसलेलं असतं, पानगळीने आरपार दिसतं आणि पाणी मोजक्या ठिकाणी उरल्यामुळे प्राणी तिथेच येतात. मध्य भारतात मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, पूर्व आफ्रिकेत जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी, दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यात मे ते सप्टेंबर. पावसाळ्यात जंगल सुंदर दिसतं, पक्षीही भरपूर असतात, पण माणसापेक्षा उंच गवतात बसलेला वाघ आपल्याला दहा फुटांवरूनही दिसत नाही. शिवाय भारतातल्या बऱ्याच व्याघ्र प्रकल्पांचा गाभा त्या काळात बंदच असतो.

सकाळ की दुपार

एकच फेरी परवडत असेल तर सकाळची घ्या. मांजरकुळातले प्राणी रात्रीच्या गारव्यात फिरतात, पहाटे परतीच्या वाटेवर असतात आणि नऊ-दहाच्या सुमारास सावलीला जाऊन पडतात. सिंह तर दिवसाचे सोळा ते वीस तास झोपून काढतो. त्याला दुपारी बघणं म्हणजे गवतात पडलेला एक कान बघणं.

सकाळच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि मला तेच मोठं वाटतं. रात्रभर त्या कच्च्या रस्त्यावरून कोण गेलं हे मातीत लिहिलेलं असतं. गेट उघडल्यावर पहिल्या दोन-चार गाड्यांना तेवढंच वाचायला मिळतं. विसावी गाडी जाते तोवर सगळं पुसलेलं असतं.

अपवाद भर उन्हाळ्याचा. वाघाला पाण्यात बसायला आवडतं. मे महिन्याच्या दुपारी एखाद्या पाणवठ्यावर गाडी बंद करून तासभर थांबलात, तर ती फेरी सकाळच्या तोडीची ठरू शकते.

बुकिंग करताना काय विचारायचं

आयोजकाला पहिला प्रश्न विचारा: 'गेटच्या आत किती तास?' जाहिरातीत 'फुल डे' लिहिलेलं असतं, त्यातले पाच तास रस्त्याचे असू शकतात. दुसरा प्रश्न, गाडी आपल्याला घ्यायला किती वाजता येणार आणि त्यानंतर आणखी किती ठिकाणांहून लोक घेणार? एकत्रित गाडीत पहिल्यांदा चढणाऱ्याचा पाऊण तास शहरातच फिरण्यात जातो, आणि हा पाऊण तास नेमका उजाडायच्या वेळचा असतो. शक्य असेल तर चार-सहा जणांनी मिळून स्वतंत्र गाडी घ्यावी. खर्च विभागला जातो आणि कुठे किती वेळ थांबायचं हे आपल्या हातात राहतं. एखादी साळुंकी बघत दहा मिनिटं काढली तरी मागून कुणी उसासे टाकत नाही.

मग गाडीबद्दल. उघडी जिप्सी की छत वर उचलणारी व्हॅन? प्रत्येकाला बाहेरच्या बाजूची जागा मिळेल का? आणि गाईड वेगळा असेल की चालकच गाईड? मला दोघं वेगळे असलेले आवडतात, कारण खड्डे चुकवणाऱ्या माणसाचे डोळे झाडांवर राहू शकत नाहीत. पण वीस वर्षं त्याच जंगलात गाडी चालवणारा एकटा चालकही नवख्या गाईडपेक्षा सरस ठरतो. त्या माणसाला तिथला किती अनुभव आहे, हे सरळ विचारा. यात कुणी राग धरत नाही.

गेटचं नाव लेखी घ्या. एका जंगलाला पाच-सात गेटं असतात आणि दोन गेटांमध्ये तास-दोन तासांचं अंतर पडू शकतं. बरोबर जंगलाच्या चुकीच्या गेटवर पहाटे साडेपाचला पोचलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तो दिवस मग सावरत नाही. साप्ताहिक सुट्टीही तपासा, उदाहरणार्थ ताडोबा मंगळवारी बंद असतं. भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांत परवाना नावावर निघतो, म्हणून बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात बरोबर हवं. चोबेसारख्या ठिकाणी मध्ये सीमा ओलांडावी लागते, तेव्हा पासपोर्ट तर हवाच, शिवाय परत येण्यासाठी आपला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे का, हे निघण्याच्या खूप आधी बघून ठेवा. प्रवेश शुल्क पॅकेजमध्ये आहे की गेटवर भरायचं, रोख चालतं की नाही, हेही विचारून घ्या. काही उद्यानं रोख घेतच नाहीत.

तब्येतीचं थोडक्यात. मलेरियाचा प्रदेश असेल तर काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. अड्डो आणि पिलानेसबर्ग मलेरियामुक्त आहेत, लहान मुलं बरोबर असतील तर हा मोठा दिलासा. पाठीचं दुखणं असणाऱ्याने मागची रांग टाळावी, ती चाकांच्या वर असते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. गरोदर स्त्रियांनी कच्च्या रस्त्यांवरची उघड्या गाडीतली सफारी पुढे ढकललेली बरी.

बरोबर काय घ्यायचं

कपडे थरांचे हवेत. उघड्या गाडीत पहाटेचा वारा उन्हाळ्यातही झोंबतो, आणि नऊ वाजता तोच माणूस घामाघूम होतो. आत सुती शर्ट, वर जाकीट, नाकातोंडाला गुंडाळायला एक मोठा रुमाल आणि वाऱ्याने न उडणारी टोपी. रंग मातकट, खाकी, फिका हिरवा. त्सेत्से माशा असलेल्या आफ्रिकी भागात गडद निळा आणि काळा कटाक्षाने टाळा. या माशा त्या रंगांकडे ओढल्या जातात, इतक्या की त्यांना पकडायचे सापळेही त्याच रंगांच्या कापडाचे करतात. अत्तर नको. प्लास्टिकची बाटली नको, केनियाने तर 2020 पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घातली आहे. धातूची बाटली भरून घ्या, पण घोट-घोट प्या. आत बहुतेक ठिकाणी गाडीतून उतरता येत नाही, आणि स्वच्छतागृह एखाद्याच ठरावीक जागी असतं.

मात्र दुर्बिणीशिवाय जाऊ नका. कॅमेरा राहिला तरी चालेल, दुर्बीण राहता कामा नये. 8×42 लिहिलेली घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची जास्त भारी वाटते, पण हलत्या गाडीत हात थरथरतो तेवढा पटींनी थरथरतो, आणि प्राणी चौकटीत सापडेपर्यंत निघून जातो. 42 चं भिंग अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश आत घेतं, आणि आपले मोलाचे तास अंधुक उजेडाचेच आहेत. दोघांत एक दुर्बीण नेऊ नका. ज्या क्षणी ती हवी असते त्या क्षणी दोघांनाही हवी असते.

ती वापरायची एक सवय आठवडाभर आधी घरीच लावा. समोरच्या झाडावरचा पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरा. नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. डोळे खाली करून दुर्बीण शोधायची आणि मग पुन्हा पक्षी शोधायचा, असं केलं की तो सापडत नाही. वीस-पंचवीस वेळा केलं की हात आपोआप शिकतात.

मोबाइलवर फार विसंबू नका. काही व्याघ्र प्रकल्पांत तो आत नेऊच देत नाहीत. कॅमेरा असेल तर तांदळाने भरलेली कापडी पिशवी गाडीच्या कठड्यावर ठेवून त्यावर भिंग टेकवा. गाडीत तिपाईपेक्षा ती बरी. हलत्या प्राण्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जवळ ठेवा आणि फ्लॅश गाडी सुटण्याआधीच बंद करा.

पहाट

गेट सहाला उघडत असेल आणि अंतर सत्तर किलोमीटर असेल, तर चारला निघा. साधारण दीड तास रस्ता, अर्धा तास कागदपत्रं आणि रांग. रात्री रस्त्यावर हरीण, डुक्कर, बिबट्या काहीही आडवं येऊ शकतं, म्हणून जंगलालगतच्या शेवटच्या पट्ट्यात वेग कमी ठेवा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघतानाच घ्यावी, मळमळायला लागल्यावर उशीर होतो. पोटभर खाऊ नका, नाश्ता फेरीनंतर.

गाईडशी पहिली पाच मिनिटं

गाडीत बसल्यावर गाईडला नाव विचारा, आपलं सांगा. मग त्याला सांगा की ही आपली पहिली सफारी आहे का, पक्ष्यांची आवड आहे का, बरोबरच्या आजीला जोरात हलणाऱ्या गाडीचा त्रास होतो का. आणि एक वाक्य मुद्दाम म्हणा: 'दिसेल ते दाखवा, घाई नाही.'

या वाक्याने फेरी बदलते. 'वाघ दाखवाच' म्हणणाऱ्यांची गाईडला रोजची सवय असते. ते ऐकलं की तो दुसऱ्या गाड्यांकडून येणाऱ्या बातमीमागे धावतो. धुरळा उडवत तिथे पोचावं तर पंधरा गाड्या आधीच उभ्या. दडपण नसलेला गाईड मात्र त्याला जे येतं ते करतो, म्हणजे जंगल वाचतो. एका दिवसाच्या पाहुण्याला जंगलाची ओळख व्हायला वेळ नाही, ती ओळख गाईडकडे आहे. त्याच्या नजरेचा फायदा घ्यायचा असेल तर त्याला गाडी थांबवू द्या.

तो काय वाचतो? आधी माती. मांजरकुळाच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. कुत्र्या-कोल्ह्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात. (चित्ता मांजरकुळातला असूनही त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, त्यामुळे त्याच्या ठशात ती दिसू शकतात.) वाघाचा ठसा चौकोनाकडे झुकणारा, वाघिणीचा लांबट. ठशाच्या कडा धारदार असतील, वर दव किंवा किड्याची रेघ नसेल, तर जनावर नुकतंच गेलं आहे.

मग आवाज. भारतीय जंगलात वानर झाडावरून आणि चितळ खालून पहारा देतात. वानरांनी पाडलेला पाला चितळांना मिळतो आणि एकाच्या इशाऱ्याचा दुसऱ्याला उपयोग होतो. चितळ कधी कधी उगाच बिथरतं. सांबर तसं करत नाही. सांबराचा घंटेसारखा 'ढाँक' आवाज आला की गाईडची पाठ ताठ होते, ते बघण्यासारखं असतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. आफ्रिकेच्या माळावर आवाजापेक्षा नजरा महत्त्वाच्या. इम्पाला हरणांचा अख्खा कळप एकाच दिशेला मान वळवून उभा असेल, तर तुम्हीही तिकडे बघा. घिरट्या घालणारी गिधाडं एकेक करून खाली उतरायला लागली, तर तिथे शिकार पडलेली असते.

आणि वास. वाघ हद्द आखण्यासाठी झाडावर जो फवारा मारतो त्याला बासमती तांदळासारखा वास येतो, कारण दोन्हींत एकच सुगंधी रेणू असतो. गाईडने झाडाजवळ गाडी थांबवून 'वास घ्या' म्हटलं तर नाकावरचा रुमाल खाली करा.

गाईड दिशा घड्याळाने सांगतो. गाडीचं बॉनेट म्हणजे बारा. 'दहा वाजता, वारुळाच्या मागे' म्हणजे पुढे डावीकडे. ही भाषा आधी समजून घेतली की ऐन वेळी 'कुठे, कुठे?' होत नाही.

कॉल, म्हणजे प्राण्यांचे हे इशाऱ्याचे आवाज, सुरू झाल्यावर इंजिन बंद करून थांबणं हा सफारीचा गाभा आहे. वीस मिनिटं काहीच घडत नाही. नवख्याला वाटतं वेळ वाया चालला, पुढे जाऊ. जाऊ नका. आवाज सरकतोय का, एका जागेवरून दुसरीकडे जातोय का, हे ऐका. तो सरकतोय म्हणजे जनावर चालतंय, आणि गाईड मनात त्याची वाट आखतोय. ते बाहेर येईल न येईल, पण त्या वीस मिनिटांत तुम्हाला पहिल्यांदाच जंगल ऐकू येतं.

समोर आल्यावर

उभे राहू नका, हात बाहेर काढू नका, टाळी-शीळ-हाक काही नको. गाडी आणि माणसं मिळून एकच आकार आहे असं प्राण्याला वाटतं तोवर तो निवांत असतो. कुणी उठून तो आकार मोडला की तो बिथरतो. पहिला अर्धा मिनिट कॅमेरा मांडीवर ठेवा आणि नुसतं बघा. शेपटी कशी हलते, कान कुठे वळतात. मग फोटो.

हत्तीजवळ जास्त सावध राहा. कान ताणून, डोकं उंच करून तो दोन पावलं पुढे आला तर बहुधा तो दम देतोय. डोळ्याच्या मागून ओघळ येत असेल तर नर मस्तीत आहे, त्याच्यापासून लांबच राहायचं. अशा वेळी चालकाला सूचना देऊ नका. त्याला गाडी मागे घेऊ द्या.

आणि एखाद्या प्राण्याभोवती गाड्यांनी कोंडाळं केलं असेल, त्याची वाट अडली असेल, तर गाईडला सांगा, 'चला, आपण निघू.' गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने बऱ्याच गाईडांना हे स्वतःहून म्हणता येत नाही. तुम्ही म्हटलंत की त्याला मोकळीक मिळते.

दुपार आणि परत

दोन फेऱ्या असतील तर मधले तास झोपेला द्या, चालकालाही झोपू द्या. नैरोबीत असाल तर उद्यानातच हस्तिदंत जाळल्याची जागा आहे. 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी तिथे 12 टन हस्तिदंताला आग लावली होती. तिथे गाडीतून उतरताही येतं.

निघताना गाईडला बक्षीस द्या, आणि त्याने दाखवलेलं काय आवडलं तेही सांगा. गवतात पाय पडले असतील तर रात्री आंघोळीच्या वेळी मोजे, घोटे आणि गुडघ्यामागची जागा गोचिडींसाठी तपासा.

परतीच्या गाडीत झोप येण्याआधी वहीत पाच ओळी लिहून ठेवा: वेळ, जागा, कोण, काय करत होतं. 'सकाळी 6:40, पाणवठ्याची डावी कड, सांबर मादी, पुढचा पाय उचललेला, बांबूकडे एकटक.' तिथून पुढे बांबूत काय होतं ते कळलं नसेल, तर तेही लिहा.